पळालेला बंदिवान पुन्हा हाती येतो तेव्हा

गेल्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपल्यावर आम्ही चर्चच्या ओसरीवर उभे असता आमच्या धर्मग्रामातील एक कॉलेजात शिकणारा तरुण जवळ आला. आदल्या रात्री त्याने घरी एक जुना इंग्रजी चित्रपट पाहिला होता. जर्मनांच्या छावणीत अडकलेले दोस्त राष्ट्रांचे वैमानिक भुयार खणून कसे निसटतात, याची ती कथा. ती त्याच्या मनात इतकी भरली होती की, रात्री त्यास नीटशी झोपही लागली नसावी. त्याने विचारले, "फादर, तसे जर्मन कैदीही इंग्रजांच्या हाती असतीलच की! ते नाहीत का कधी पळाले?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर ओसरीवर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. "पुढच्या अंकात वाच," असे सांगून आम्ही आपली सुटका करून घेतली. ते वचन आज पाळीत आहोत.

तर, होय, जर्मन कैदीही पळाले. एकदा नव्हे, अनेकदा पळाले. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी ऐकताना शत्रू-मित्र हा भेद क्षणभर विसरावा, इतक्या त्या चित्तवेधक आहेत. परंतु पळणाऱ्याचे धाडस हा त्या कथेचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग पकडणाऱ्याच्या वागणुकीचा आहे. आणि आमच्या मते कुटुंबात बसून वाचण्याजोगा आणि मुलांना समजावून सांगण्याजोगा भाग तोच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या हाती जर्मन कैदी फारसे नव्हते. बुडालेल्या पाणबुड्यांतील खलाशी आणि पाडलेल्या विमानांतील वैमानिक, एवढेच काय ते. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि हिटलरची सेना आता ब्रिटनवर उतरणार, अशी भीती निर्माण झाली. तशा वेळी शत्रूचे सैनिक घरातच बाळगणे धोक्याचे, म्हणून त्यांतील बहुतेकांना जहाजांतून कॅनडास पाठविण्यात येऊ लागले. पुढे जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा मात्र कैद्यांचा लोंढाच सुरू झाला. युद्ध संपल्यानंतर, १९४६ च्या सप्टेंबरात, ब्रिटनमधील जर्मन युद्धकैद्यांची संख्या ४ लाखांच्या वर गेली होती. जुने वाडे, हॉटेले, शर्यतींची मैदाने, पत्र्याच्या बराकी, जेथे जागा मिळेल तेथे काटेरी तार ओढून छावण्या उभ्या राहिल्या.

तथापि, खरे कुंपण तारेचे नव्हतेच. ते समुद्राचे होते. तार ओलांडता येते, भुयार खणता येते. परंतु बेटावरून चालत घरी जाता येत नाही. पहिल्या महायुद्धात गुंथर प्लुशो नावाचा एक जर्मन वैमानिक १९१५ च्या जुलैत डॉनिंग्टन हॉल येथील छावणीतून निसटला, लंडनच्या गोदीत दिवस काढले आणि अखेर एका डच जहाजात लपून हॉलंडमार्गे मायदेशी पोहोचला. त्या युद्धात ब्रिटनमधून असा घरी गेलेला तो एकटाच. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटनच्या भूमीवरून निसटून कोणी जर्मनीस पोहोचल्याची नोंदच नाही. असे असूनही शेकडो जणांनी प्रयत्न केले. मनुष्याच्या ठायी स्वातंत्र्याची ओढ किती खोल रुजलेली असते, याचेच हे गमक नव्हे काय?

ह्या सर्वांत अधिक गाजला तो फ्रांत्स फॉन वेरा. हा लढाऊ विमानाचा वैमानिक. वय पंचविशीतले, स्वभाव बढाईखोर, पण छाती विलक्षण. ५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात त्याचे विमान पाडले गेले आणि तो कैद झाला. उत्तरेकडील सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशात ग्रिझडेल हॉल नावाच्या वाड्यात त्यास ठेवण्यात आले. ७ ऑक्टोबर रोजी कैद्यांची तुकडी पहाऱ्यात फेरफटक्यास निघाली असता विश्रांतीच्या ठिकाणी हा गृहस्थ दगडी गडग्यावरून पलीकडे सरकला आणि नाहीसा झाला. पाच दिवस पावसात, चिखलात, मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी बांधलेल्या दगडी खोपटांत लपत छपत त्याने काढले. मध्यंतरी गावरक्षक दलाच्या दोघांनी त्यास पकडले, तर अंधारात त्यांच्याही हातून निसटला. अखेर १२ तारखेस डोंगरावर चिखलाच्या खळग्यात पडून राहिलेला सापडला. शिक्षा काय? २१ दिवसांची एकांत कोठडी.

त्यानंतर त्यास डार्बीशर परगण्यातील स्वॉनिक येथील छावणीत हलविले. तेथेही हा स्वस्थ बसला नाही. काही सोबत्यांसह त्याने भुयार खणावयास घेतले. आणि २० डिसेंबर १९४० च्या रात्री, छावणीतील कैदी मोठ्याने गाणी म्हणत असता, पाच जण भुयारातून बाहेर पडले. इतर चौघे लवकरच पकडले गेले. फॉन वेरा मात्र निराळाच बेत रचून निघाला होता. आपण डच वैमानिक असून ब्रिटिश विमानदलात आहो, आपले विमान जवळपास पडले आहे, अशी बतावणी त्याने केली. रेल्वे स्थानकावरील माणसांना त्याने ती पटविली, पोलिसांनाही पटविली; इतकी की, त्यास हकनॉलच्या विमानतळावर नेण्यास चक्क मोटार आली! तेथील अधिकारी खातरजमा करण्यासाठी दूरध्वनीवर गुंतला असता हा हँगरकडे धावला, एका यांत्रिकास भूल दिली आणि नव्या कोऱ्या हरिकेन विमानात जाऊन बसला. आता यंत्र सुरू होणार, तोच पिस्तूल रोखलेला अधिकारी समोर उभा! पुन्हा छावणी, पुन्हा कोठडी.

पुढे जानेवारी १९४१ मध्ये त्यास कॅनडास रवाना करण्यात आले. तेथे कैद्यांची आगगाडी धावत असता त्याने खिडकीतून बर्फात उडी घेतली, गोठलेली सेंट लॉरेन्स नदी ओलांडली आणि अमेरिकेच्या हद्दीत पाऊल ठेवले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. मेक्सिको, दक्षिण अमेरिका, स्पेन, इटली अशी प्रदक्षिणा करून १८ एप्रिल १९४१ रोजी तो जर्मनीस पोहोचला. त्याचे मोठे स्वागत झाले. परंतु त्या स्वातंत्र्याचे आयुष्य किती? २५ ऑक्टोबर १९४१ रोजी हॉलंडच्या किनाऱ्याजवळ सरावाचे उड्डाण करीत असता यंत्र बिघडून त्याचे विमान समुद्रात कोसळले. ज्या समुद्रापलीकडे जाण्यासाठी त्याने एवढी धडपड केली, त्याच समुद्राने त्यास नेले.

असेच धाडस हाइन्त्स श्नाबेल आणि हॅरी वाप्लर ह्या दोघांनी केले. नोव्हेंबर १९४१ मध्ये शॅप वेल्स येथील हॉटेलात थाटलेल्या छावणीतून ते निसटले, कार्लाइलजवळच्या विमानतळावर जाऊन त्यांनी सरावाचे एक लहान विमान पळविले आणि खरोखरीच आकाशात झेप घेतली. परंतु इंधन पुरेना. उत्तर समुद्र ओलांडता येणार नाही हे उमगल्यावर त्यांना इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत शेतात उतरावे लागले आणि ते पुन्हा कैद झाले.

इंग्रजांच्या ताब्यातील जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक केवळ इंग्लंडात व कॅनडातच होते असेही नाही. आपल्या देशात युद्धारंभी सापडलेल्या अशा नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांपैकी हाइन्रिख हारर ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकास आपल्याकडील अहमदनगरच्या आणि देवळालीच्या छावण्यांत ठेवून नंतर देहरादूनला नेण्यात आले. २९ एप्रिल १९४४ रोजी तो आणि त्याचे सहा सोबती देहरादूनच्या छावणीतून बाहेर पडले. कोणी इंग्रज अधिकाऱ्याचा पोशाख केला होता, तर कोणी हिंदी मजुराचा. हारर आणि आउफश्नायटर हे दोघे हिमालय ओलांडून १९४६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यापूर्वीच्या पलायनात हारर पकडला गेला होता, तेव्हा त्याच्याही वाट्यास एकांत कोठडीच आली होती.

येथे वाचकाच्या मनात शंका उभी राहील. युद्ध ऐन भरात आलेले, रोज रात्री लंडनवर बाँबवर्षाव होत असलेला. आणि शत्रूचा कैदी पळाला, विमान चोरावयास निघाला, तरी त्यास केवळ काही दिवसांची कोठडी? ही दया होती, की दुबळेपणा?

ही दोन्ही नव्हती. हा कायदा होता. १९२९ साली जिनीव्हा येथे अनेक राष्ट्रांनी मिळून युद्धकैद्यांसंबंधी एक करार केला. ब्रिटन आणि जर्मनी, दोघांनीही तो मान्य केला होता. त्या करारानुसार पळून जाण्याचा प्रयत्न करणारा कैदी पुन्हा सापडला तर त्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा द्यावयाची. आणि तिची कमाल मर्यादा ३० दिवसांच्या कोठडीची. सैनिकाने आपल्या सैन्याकडे परत जाऊ पाहणे हा अपराध नसून त्याचा स्वाभाविक धर्म आहे, असे तत्त्व त्यामागे होते. पळता पळता पहारेकऱ्याच्या आज्ञेस न थांबणाऱ्यावर गोळी झाडली जाऊ शके. परंतु एकदा तो हाती आला, निःशस्त्र झाला, म्हणजे त्याच्या जिवास हात लावता येत नसे. धावणारा आणि धरलेला ह्यांतील ही सीमारेषा दिसण्यास बारीक असली, तरी माणुसकीचा सगळा भार तिच्यावर उभा आहे.

धावणाऱ्याचा जीव जाई, याचे एक उदाहरण सांगतो. १९४१ च्या ऑगस्टात आइसलँडजवळ ५७० क्रमांकाची जर्मन पाणबुडी इंग्रजांना शरण गेली. तिच्यावरील बर्नहार्ट बर्न्ट नावाच्या अधिकाऱ्यास ग्रिझडेल हॉलमध्ये आणले, तेव्हा तेथील जर्मन अधिकाऱ्यांनी स्वतःच गुप्तपणे न्यायसभा भरवून त्यास भित्रेपणाचा दोषी ठरविले. तो कलंक धुऊन काढण्यासाठी तो छावणीतून पळाला. धरलेली पाणबुडी बॅरो बंदरात उभी होती, ती जाऊन बुडवावयाची असा त्याचा बेत होता. गावरक्षक दलाने त्यास हटकले. तो पुन्हा पळू लागला आणि गोळी लागून मेला. त्यास मारणारी गोळी इंग्रजांची होती हे खरे. परंतु त्यास त्या गोळीपुढे लोटले कोणी, याचाही विचार करावा.

आता ज्या घटनेसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळू. वेल्स प्रांतात ब्रिजेंड नावाचे गाव आहे. तेथे दारूगोळ्याच्या कारखान्यातील स्त्री-कामगारांसाठी बांधलेल्या बराकींत पुढे कैद्यांची छावणी करण्यात आली. तिचे नाव आयलंड फार्म. १९४४ च्या नोव्हेंबरापासून तेथे जर्मन अधिकारी येऊ लागले आणि लवकरच त्यांची संख्या सुमारे १,६०० झाली. त्यांनी खणलेले एक भुयार जानेवारीत उघडकीस आले. परंतु दुसरे, ९ क्रमांकाच्या बराकीतून निघालेले, कोणाच्याच ध्यानी आले नाही. माती चिकट. तिचे गोळे करून बराकीतच एक खोटी भिंत उभारून तिच्या पाठीमागे ते टाकीत. छताला टेकू म्हणून बाकांचे व खाटांचे लाकूड वापरले. आत हवा जावी म्हणून घट्ट दुधाच्या रिकाम्या डब्यांची नळी केली. खणण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वर सोबती मोठ्याने गात बसत.

१० मार्च १९४५ ची रात्र उलटून ११ उजाडण्यापूर्वी त्या भुयारातून ७० कैदी बाहेर पडले. काहींच्या मते ८४, कारण काही जण कुंपणाजवळच पकडले गेले. ब्रिटनमध्ये जर्मन कैद्यांचे एवढे मोठे पलायन दुसरे झाले नाही. चौघांनी गावातील एका डॉक्टरची मोटार पळविली. ती सुरू होईना, तेव्हा सुट्टीवरून परतणाऱ्या पहारेकऱ्यांनीच ती ढकलून दिली, असे सांगतात! हे चौघे बर्मिंगहॅमपर्यंत पोहोचले. दुसरे दोघे साउदॅम्प्टनपर्यंत गेले. गावोगावी पोलीस, सैनिक, शेतकरी, गावरक्षक यांनी रानोमाळ शोध केला. एक कैदी निसटतानाच पहारेकऱ्याच्या गोळीने जखमी झाला, पण वाचला. थोड्याच दिवसांत सगळे पकडले गेले. एकही घरी पोहोचला नाही.

आणि पकडलेल्यांपैकी एकासही ठार मारण्यात आले नाही.

ह्या शेवटच्या वाक्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. त्याने आणखी एक वर्ष मागे जावे. त्या तरुणाने पाहिलेला चित्रपट ज्या घटनेवर आधारलेला आहे, ती घटना मार्च १९४४ मधील. सागान येथील जर्मन छावणीतून २४ तारखेच्या रात्री दोस्त राष्ट्रांचे ७६ वैमानिक असेच भुयारातून निसटले. तिघे सुखरूप स्वदेशी सैन्यास मिळाले. ७३ पुन्हा पकडले गेले. हिटलरच्या आज्ञेवरून त्यांपैकी ५० जणांना गेस्टापोने गोळ्या घालून मारले. ते लढाईत मेले नाहीत. पळतानाही मेले नाहीत. हाती आलेल्या, निःशस्त्र माणसांना लहान लहान गटांनी आडबाजूस नेऊन मारण्यात आले आणि वर, पुन्हा पळू लागले म्हणून गोळी घालावी लागली, असे खोटे सांगण्यात आले. पाहा, खोटे सांगतानासुद्धा त्यांना त्या सीमारेषेचा आधार घ्यावा लागला! धावणारा आणि धरलेला ह्यांतील भेद मारेकऱ्यांनाही ठाऊक होता.

हे वर्तमान ब्रिटनमध्ये लपून राहिले नव्हते. मे आणि जून १९४४ मध्ये परराष्ट्रमंत्री ईडन यांनी पार्लमेंटात त्याची माहिती दिली होती. म्हणजे ब्रिजेंडचे कैदी मार्च १९४५ मध्ये पळाले, तेव्हा सागानची हत्या जगजाहीर होती. मेलेल्या वैमानिकांचे आईबाप, भाऊबंद ब्रिटनमध्ये शोक करीत होते. वेल्समधील रानात लपलेला जर्मन अधिकारी शोधणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या युद्धात पडला नसेल? "त्यांनी आमचे ५० मारले, आम्ही ह्यांचे ५० मारू," असे म्हणण्यास त्यापेक्षा सोयीची वेळ ती कोणती? तरीही ते घडले नाही. ईडन यांनी मागणी केली होती ती खऱ्या मारेकऱ्यांना न्यायासनापुढे उभे करण्याची. तसेच झाले. युद्धानंतर शोध करून आरोपींना पकडण्यात आले, १९४७ साली हँबुर्ग येथे खटला चालला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत १३ जणांना फाशी देण्यात आले. ज्याने मारले त्याचा न्याय झाला. जो केवळ त्याच देशाचा होता, त्याच्यावर सूड उगविला गेला नाही.

ब्रिटन म्हणजे सद्गुणांचा पुतळा होता, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. तसे लिहिले तर ती खुशामत होईल. आणि इंग्रजी राज्याचा अनुभव घेतलेल्या आपल्या देशास ती पटणारही नाही. सूडाचा मोह त्यांनाही झाला होता. १९४२ च्या ऑक्टोबरात जर्मनांनी काही ब्रिटिश व कॅनेडियन कैद्यांच्या हातांत बेड्या घातल्या, तेव्हा चर्चिल सरकारनेही तितक्याच जर्मन कैद्यांच्या हातांत बेड्या घातल्या. स्वित्झर्लंडने मध्यस्थी केली आणि डिसेंबरात इंग्रजांनी आपल्याकडील बेड्या काढल्या. जर्मनांनी आपल्याकडील काढण्यास पुढे आणखी जवळजवळ वर्ष घेतले. लंडनमधील एका चौकशी केंद्रात कैद्यांना निर्दयपणे वागविल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. आणि युद्ध १९४५ च्या मे महिन्यात संपले असूनही कैद्यांना शेतांवर, रस्त्यांवर, बांधकामांवर राबवून घेण्यात आले. घरी पाठविण्यास १९४६ च्या सप्टेंबरात आरंभ झाला आणि ते काम १९४८ च्या जुलैपर्यंत चालले. ब्रिटनमधील अनेक विचारी लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, हेही खरे.

कैद्यांतही सगळे सारखे नव्हते. १९४४ च्या अखेरीस डिव्हाइझेस येथील छावणीत नाताळच्या सुमारास सामुदायिक पलायनाचा कट शिजत होता, तो फुटला. त्यात गुंतलेल्यांना स्कॉटलंडमधील कॉम्री येथील छावणीत हलविण्यात आले आणि त्यांच्याबरोबरच व्होल्फगांग रोस्टेर्ग नावाचा एक हिटलरविरोधी सार्जंटही तेथे गेला. कट त्यानेच फोडला असा संशय घेऊन २३ डिसेंबर १९४४ रोजी त्याच्याच देशबांधवांनी त्यास बेदम मारले आणि फासावर लटकविले. नाताळास दोन दिवस उरले होते! ह्या हत्येबद्दल लष्करी न्यायालयात खटला होऊन पाच जणांना ६ ऑक्टोबर १९४५ रोजी लंडनच्या तुरुंगात फाशी झाली. काटेरी तारेच्या आत माणसाला अधिक भय कोणाचे असते, बाहेरच्या पहारेकऱ्याचे की आतल्या द्वेषाचे, हा प्रश्न रोस्टेर्गचे मरण आपल्यापुढे टाकते. बर्न्टचेही तेच.

परंतु कथेचा शेवट येथे होत नाही. १९४६ च्या डिसेंबरात कैद्यांनी इंग्रज नागरिकांत मिसळू नये हा निर्बंध सरकारने सैल केला. त्या नाताळात पुष्कळ ब्रिटिश कुटुंबांनी छावणीतील जर्मनांना घरी जेवावयास बोलाविले. त्या काळी त्यांच्या स्वतःच्या घरी अन्न शिधापत्रिकेवर मोजून मिळत असे. त्यातला वाटा त्यांनी कालच्या शत्रूच्या पानात वाढला. ह्यातून काय निष्पन्न झाले? सुटकेची वेळ आली तेव्हा सुमारे २५,००० जर्मनांनी परत जाण्याऐवजी ब्रिटनमध्येच राहणे पसंत केले. कित्येकांची घरे आता रशियाच्या अमलाखाली गेली होती, कित्येकांना परतण्यास कोणी उरले नव्हते, हीही कारणे होतीच. तरीसुद्धा ज्या देशातून निसटण्यासाठी सोबत्यांनी भुयारे खणली, त्याच देशात, दार उघडे असता, हजारो जण थांबले; ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

त्यांपैकी एक बर्ट ट्राउटमान. हा जर्मन छत्रीधारी सैनिक. लँकेशरमधील छावणीत तो फुटबॉल खेळू लागला, सुटल्यावर तेथेच राहिला आणि १९४९ साली मँचेस्टर सिटी ह्या नामांकित संघाने त्यास गोलरक्षक म्हणून घेतले. लोक खवळले, हजारोंनी निषेधाचे मोर्चे काढले. तेव्हा मँचेस्टरमधील ज्यू समाजाचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान, जे स्वतः हिटलरच्या जाचामुळे जर्मनी सोडून आले होते, त्यांनी जाहीर पत्र लिहून लोकांना विनविले की, एका राष्ट्राच्या पापांचा भार एका माणसाच्या माथी मारू नका. १९५६ च्या अंतिम सामन्यात मानेचे हाड मोडले असताही ट्राउटमान शेवटपर्यंत गोल राखीत राहिला आणि त्याचा संघ जिंकला. ज्यांनी त्यास हाकलून द्या म्हटले होते, त्याच शहराने त्यास डोक्यावर घेतले.

दुसरा युर्गेन मोल्टमान. १९४५ च्या फेब्रुवारीत शरण आलेला १८ वर्षांचा पोर. आपल्या देशाने छळछावण्यांत काय केले, याची चित्रे कैदेत त्याच्यापुढे मांडली गेली, तेव्हा जगण्याचीच त्यास लाज वाटू लागली. स्कॉटलंडमध्ये तो मजुरीस जाई, तेथील साध्या कामकरी कुटुंबांनी एका शब्दानेही न डिवचता त्यास माणसासारखे वागविले. कैदेतच त्याने पवित्र शास्त्र वाचावयास घेतले, नॉटिंगहॅमजवळच्या नॉर्टन छावणीत ईशज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये तो घरी परतला. पुढे प्रॉटेस्टंट जगतातील थोर ईशज्ञानी म्हणून त्याची ख्याती झाली. आशा हाच त्याच्या चिंतनाचा विषय होता. २०२४ साली तो वारला. तोही एका अर्थाने पळालाच. पण त्याने भुयार खणले नाही. निराशेतून बाहेर पडण्याची वाट त्यास तारेच्या आतच सापडली, आणि ती दाखविण्यास त्याचे शत्रू उपयोगी पडले.

तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. जर्मन पळाले, धैर्याने पळाले, आणि जवळजवळ सगळेच पकडले गेले. परंतु पळणाऱ्याचे शौर्य त्याच्या देशाचे मोठेपण सिद्ध करीत नाही. फॉन वेरा शूर होता, म्हणून हिटलरचे राज्य न्यायाचे ठरत नाही. देशाची परीक्षा होते ती पळालेला माणूस दमून, भिजून, रिकाम्या हातांनी पुन्हा समोर उभा राहतो त्या घटकेस. त्या घटकेस पकडणाऱ्याच्या मनात राग असतो, हातात शस्त्र असते आणि पाहणारे कोणी नसते. तेथे जो आपला शब्द पाळतो, त्याचाच शब्द खरा.

ही घटका युद्धातच येते असे नाही. गावात रात्री चोर सापडतो, त्यास झाडाशी बांधतात आणि मग येणारा जाणारा प्रत्येक जण हात धुऊन घेतो. तो दोषी असेल. त्यास पोलिसांच्या स्वाधीन करावे, न्यायालयाने त्यास शिक्षा करावी. परंतु बांधलेल्या माणसावर हात टाकताना आपण प्रत्येकाने एक आठवण ठेवावी. गेथशेमनीच्या बागेतून एका रात्री एका निरपराध्यास असेच धरून, बांधून नेले होते. आणि हात बांधलेले असताना त्याच्या तोंडावर चपराक मारणारे लोकही आपण न्यायाच्याच बाजूचे आहो असे समजत होते. तोच प्रभू अखेरच्या दिवशी, "मी बंदिवान होतो, तेव्हा तू काय केलेस?" असे आपणांस विचारणार आहे. त्या वेळी त्या बंदिवानाचा देश, भाषा किंवा अपराध कोणता होता, हे सांगून आपली सुटका होईल, असे आम्हांस वाटत नाही.